संकटाची तालीम आधी करू या
(द्रोणागिरी येथील प्रभागसंघाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज बचत आणि कर्जफेड थोडी बाजूला ठेवू. आज बोलायचं आहे तालमीबद्दल.

गावच्या जत्रेत नाटक असलं की आधी महिनाभर तालीम चालते. आपल्या उरण भागातल्या कंपन्यांतही मॉकड्रिल होतं. ३ सप्टेंबर २०१९ ला ओएनजीसीच्या प्रकल्पात आग लागली, चौघांचा जीव गेला. आगीची तालीम कशासाठी असते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मग साथीच्या रोगाची तालीम नको का?

कोरोनात ती झाली होती. लसीकरण सुरू झालं १६ जानेवारी २०२१ ला. त्याआधी २ जानेवारीला पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबारमध्ये, आणि ८ जानेवारीला इतर जिल्ह्यांत रंगीत तालीम झाली. एका केंद्रावर २५ आरोग्य कर्मचारी बोलावले. नावनोंदणी, ओळखपत्र तपासणी, लसीची खोली, नंतर अर्धा तास देखरेख, सगळं खरंखुरं. फक्त सुई टोचली नाही. कुठे अडतंय ते आधीच कळावं, एवढाच हेतू.

दुसरी तालीम पीपीई किटची. किट घालणं सोपं, धोका असतो तो काढताना. बाहेरच्या बाजूला रोगजंतू असतात. दमलेली नर्स घाईत हातमोजा चेहऱ्याला लावते आणि आजार घरी नेते. म्हणून किट काढायचा क्रम ठरलेला असतो, मास्क शेवटी काढायचा आणि प्रत्येक टप्प्याला हात स्वच्छ करायचे. सरावात हातमोज्यांना चमकणारा रंग लावतात आणि नंतर खास दिव्याखाली बघतात, रंग कुठे कुठे लागला ते.

हे आपण गटाच्या बैठकीतही करू शकतो. हातमोजे घाला, त्यावर ओलं कुंकू लावा आणि मग काढा. मनगटावर लाल डाग दिसला की समजा, तिथून आजार आला असता. चूक झाली तर हसा आणि पुन्हा करा. तालमीत चुकलेलं परवडतं.

मैत्रिणींनो, साथीत सगळ्यात पुढे कोण होतं? आपली आशाताई. १५ सप्टेंबर २०२० ला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली, तेव्हा ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन आशाताई दारोदार फिरल्या. त्यातल्या कितीतरी आपल्याच गटाच्या सदस्य आहेत. बोटाला गडद नेलपॉलिश असेल, हात गार असेल तर ऑक्सिमीटरचा आकडा चुकू शकतो. आकडा ९४ च्या खाली गेला तर थांबायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं. पण घरचे ‘दवाखाना नको’ म्हणून अडून बसले, तर काय बोलायचं? याचाही सराव लागतो. एकीने सासू व्हावं, एकीने आशाताई, बाकीच्यांनी बघावं. नुसतं पत्रक वाचून ते जमत नाही.

म्हणून तीन गोष्टी करू या.

१. ग्रामसभेत आणि ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीत मागणी करा की आशाताई आणि अंगणवाडीताईंना वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष सराव मिळावा. त्या दिवसाचा मोबदलाही मिळावा, त्यांचा रोज बुडायला नको.
२. गटाच्या एका बैठकीत कुंकवाचा प्रयोग करा.
३. रात्री रुग्ण न्यायची वेळ आली तर गाडी कोणाची, फोन कोणाला, घरी पोरांजवळ कोण थांबणार, हे आज ठरवा. १०८ क्रमांक पोरांनाही पाठ करून घ्या.

पुढची साथ तारीख कळवून येणार नाही. आपली तालीम मात्र आपण तारीख ठरवून करू शकतो. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय लिहा आणि काय जमलं, काय अडलं ते प्रभागसंघाला कळवा.