झाडाखालचा अर्धा तास



कामगाराचे वेतन मोजता येते, त्याचे तास मोजता येतात. त्याच्या हातून निघालेला माल तर रोजच मोजला जातो. त्याच्या मनावरचा ताण मात्र कोणी मोजीत नाही, आणि जे मोजले जात नाही ते वाटाघाटीच्या वेळी हिशेबात धरले जात नाही, असा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. झाडांच्या सहवासात हा ताण किती उतरतो, हे आता शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले आहे. आम्ही काही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झालेले. परंतु आकडे वाचावयास संघटनेच्या कामाने आम्हांला शिकविले आहे.

माणूस ताणाखाली आला की त्याच्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य वाढते. ते लाळेतही उतरते. म्हणून रक्त न काढता ताणाचा अंदाज बांधता येतो. जपानच्या वनखात्याने १९८२ साली ‘शिनरिन-योकु’, म्हणजे वनस्नान, हा शब्द रूढ केला. पुढे तेथील संशोधकांनी २४ वनांत प्रयोग केले. प्रत्येक ठिकाणी तरुणांच्या दोन तुकड्या. एक रानात, दुसरी शहरात, आणि दुसऱ्या दिवशी अदलाबदल. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रानात कॉर्टिसॉल, नाडीचे ठोके व रक्तदाब ही तिन्ही मापे शहरापेक्षा कमी भरली.

पण रोज रानात कोण जाणार? याचे उत्तर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली दिले. ३६ शहरवासीयांनी आठ आठवडे, आठवड्यातून निदान तीनदा, दहा मिनिटे किंवा अधिक, हिरवाईत घालवावयाची होती. जागा व वेळ ज्याची त्याने निवडावी. मात्र फोन, वाचन, गप्पा बंद. कॉर्टिसॉल दिवस चढेल तसे आपोआपच उतरते. तो उतार वजा करूनही तासाला सुमारे २१ टक्के या गतीने घट आढळली, आणि वेळेच्या मानाने सर्वांत अधिक लाभ वीस ते तीस मिनिटांत झाला.

वीस ते तीस मिनिटे! आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांहून अधिक सलग काम नको, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती हवी, असे ठरविले. म्हणजे वेळ कागदावर होताच. एका कारखान्यात आम्ही मागणी केली होती की, या सुट्टीत फाटक उघडे ठेवा, माणसे समोरच्या झाडांखाली बसतील. उत्तर मिळाले, “बसून काय करणार? आळसच ना!” त्या उत्तराला आज लाळेच्या चाचणीने प्रत्युत्तर दिले आहे.

तरीही या आकड्यांनी आम्ही हुरळून जात नाही. जपानमधले ते तरुण विद्यापीठाचे विद्यार्थी होते. यंत्रापुढे आठ तास उभे राहणारे नव्हते. रात्रपाळीच्या माणसाची झोप उलटी, म्हणून दिवसा काम करणाऱ्याचा हिशेब त्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. त्याचे मोजमाप निराळेच करावे लागेल. आणि ते आकडे व्यवस्थापनाच्या कपाटात जाणार असतील, तर ‘याला ताण झेपत नाही’ म्हणून त्यालाच घरी बसविण्यास ते उपयोगी पडतील.

दुसरा धोकाही उघड आहे. वर्षातून एकदा सहल काढावयाची आणि जादा तास तसेच चालू ठेवावयाचे, ही युक्ती सुचावयास फार बुद्धी लागत नाही. झाड शीण उतरविते. अपुऱ्या माणसांवर टाकलेले काम ते उचलीत नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली, तेव्हा कोणाची लाळ तपासली नव्हती. शीण काय असतो हे कामगाराला ठाऊकच होते. मोजमाप व्हावे, पण ते कामगारांच्या संमतीने, प्रत्येक पाळीचे वेगळे, आणि आकडे आधी त्यांच्याच हाती. तोवर आपल्या गावातल्या कारखान्यांच्या फाटकांशी सावली आहे काय, आणि सुट्टीत ती फाटके उघडतात काय, एवढे आपण नागरिकांनी जाता-येता पाहावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.