पटाशीला हात लावू नकोस



मला आज ‘माझा छंद’ या विषयावर बोलायला सांगितलंय. मी फोनवर विचारलंही, की पोटगी, रेशनकार्ड आणि घरातली मारहाण यांच्या रांगेत छंद कुठे बसवणार? उत्तर आलं, तू लाकडं घेऊन ये, बाकीचं बघू. म्हणून ही पिशवी आणलीय. बोलणं झालं की हाताळून बघा.

मी सुताराच्या घरची. अंगणातच कारखाना. भाऊ दहा वर्षांचा झाला तसा त्याच्या हातात रंधा आला. मी भुसा झाडला, सरस उकळला, तयार पाटांवर पॉलिश पेपर घासला. पटाशीला हात लावला की अण्णा ओरडायचे, “बोट गेलं तर लग्न कसं होईल?” भावाच्या अंगठ्याचं टोक गेलंय. त्याचं लग्न वेळेवर झालं. अण्णा गेल्यावर हत्यारांची वाटणी झाली, तेव्हा मी चहा करत होते. मला कुणी विचारलं नाही आणि मीही मागितलं नाही. ते न मागणं मला अजून टोचतं.

चोपन्नाव्या वर्षी नोकरी सुटली आणि मी एका ठिकाणी लाकूडकामाच्या वर्गाची चौकशी करायला गेले. खिडकीपलीकडून प्रश्न आला, “मुलाचं वय काय?” म्हटलं, वय माझं लिहा. तर फॉर्म संपलेले निघाले! मग मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच सुरुवात केली. रंधा मारायला जागा नव्हती, म्हणून मार्केट्री निवडली. हे काम नाजूक म्हणून बायकांचं, असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. मला जोर कमी नव्हता, टेबल नव्हतं.

मार्केट्री म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचं चित्र. या पापुद्र्याला व्हिनियर म्हणतात, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. म्हैसूरचं शिसवी जडावकाम तुम्ही पाहिलं असेल. त्यात जाड लाकूड कोरून खाचेत तुकडा बसवतात. पूर्वी हस्तिदंत बसवायचे. मार्केट्रीत कोरायचं काहीच नसतं. सगळे तुकडे एका जाडीचे, एकमेकांना खेटून बसवायचे आणि अख्खं चित्र फळीवर चिकटवायचं. इटलीत उर्बिनोच्या ड्यूकची पंधराव्या शतकातली अभ्यासिका आहे. तिच्या भिंतींवर नुसत्या लाकडाच्या तुकड्यांतून अर्धी उघडी कपाटं, पुस्तकं, वाद्यं उभी केलीत. खोली अर्थात त्याची एकट्याची.

खर्च फार नाही. फर्निचरवाल्याकडे सागाच्या, शिसवीच्या, अक्रोडाच्या व्हिनियरची कात्रणं पडलेली असतात, ती मागून आणा. सर्जिकल दुकानातलं अकरा नंबरचं पातं आणि त्याची मूठ, स्टीलची पट्टी, कागदी चिकटपट्टी, पांढरा गोंद आणि प्लायवूडचा तुकडा. झालं.

पहिलं चित्र मोठ्या आकारांचं घ्या. डोंगर, सूर्य, घराचं छप्पर. मी हौसेनं पिंपळपान घेतलं आणि त्याचं टोक सात वेळा तुटलं. पार्श्वभूमीच्या व्हिनियरवर चित्र काढायचं आणि एकच आकार कापून तिथे खिडकी पाडायची. एका दमात कापायचं नाही. पहिला हात हलका, मग त्याच रेषेवरून चार-पाच वेळा. खिडकीखाली दुसऱ्या रंगाचं लाकूड सरकवायचं आणि फिरवून बघायचं. ही माझी सगळ्यात आवडती वेळ. सागाच्या रेषा आडव्या धरल्या तर संध्याकाळचं आभाळ, तिरप्या धरल्या तर नांगरलेलं शेत. मनासारखं दिसलं की पात्याच्या टोकानं खिडकीची कड खालच्या लाकडावर उमटवायची, तुकडा कापून खिडकीत बसवायचा, वरून चिकटपट्टी. मग पुढचा आकार.

सावली हवी तर कढईत बारीक वाळू तापवा आणि चिमट्यानं तुकड्याची कड काही सेकंद तिच्यात खुपसा. कड करपते, मधे रंग फिका राहतो. भडभुंज्याची वाळू आठवली ना? ही एक गोष्ट मला कुणी शिकवावी लागली नाही.

चिकटवताना पट्टीची बाजू वर. वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर सपाट फळी आणि रात्रभर वजन. माझ्याकडे पाटा-वरवंटा असतो. फळीच्या मागच्या बाजूलाही व्हिनियर लावा. मी पहिल्यांदा लावलं नाही, तर फळी पापडासारखी वाकली. घासताना तोंडाला फडकं बांधा, शिसवीचा भुसा नाकाला आणि कातडीला त्रास देतो. आणि जपून घासा, अर्धा मिलिमीटर संपायला वेळ लागत नाही.

आता भांडणाची गोष्ट. बचत गटात हे दाखवलं तर लगेच सूचना आली, ट्रे करूया, विकूया, नगाला इतके. मी नाही म्हटलं. पापड, लोणची, भरतकाम, बाईच्या बोटांना जे जे येतं त्याचा नगावर भाव होतो. आठवड्यातले दोन तास तरी मला बिनभावाचे हवेत. तेव्हा चार घरची भांडी घासणारी आमची एक जण म्हणाली, “ताई, तुम्हाला पेन्शन आहे. न विकणं तुम्हाला परवडतं.” मी गप्प बसले. तिचं खरं आहे, आणि मला अजूनही विकायचं नाहीये.

पण पुढच्या शनिवारी ती आली. म्हणाली, विकायचं नंतर बघू, आधी पातं दाखवा. तिनं स्वतःच्या खोलीचं दार केलंय, आतून कडी असलेलं. ते या पिशवीत सगळ्यात वर आहे, कडीसाठी तिनं शिसवीचा जेमतेम तांदळाएवढा तुकडा कापलाय.

केंद्राची मागची खोली शनिवारी दुपारी रिकामी असते. माझ्याकडे सहा मुठी आहेत. येताना एक जुनी ओढणी आणा, भुशासाठी.