कॅसलरॉक : गाडी थांबते म्हणून वसलेले गाव
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यान देणे हे काही माझे काम नाही. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रुळांवरचा माणूस. पण चिटणीसांनी "तुमच्या त्या घाटाबद्दल काहीतरी सांगाच" असा आग्रह धरला आणि बाप्पासमोर नाही म्हणता येईना. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्यापैकी अनेकांनी यशवंतपूरहून वास्कोच्या गाडीने गोव्याचा प्रवास केला असेल. लोंढा मागे पडते, तिनईघाट जाते आणि मग गाडी एका धुक्यातल्या स्टेशनात येऊन थांबते ती थांबतेच. कोणी म्हणते क्रॉसिंग असेल, कोणी चहा शोधायला उतरते. पाटीवर नाव असते कॅसलरॉक. आज मी याच गावाबद्दल बोलणार आहे.

हे गाव उत्तर कन्नड जिल्ह्यात, जोयडा तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे सहाशे मीटर. नाव इंग्रजांनी दिलेले. जवळचा कडा किल्ल्यासारखा दिसतो म्हणून. बंगळुरात वर्षाला हजारेक मिलिमीटर पाऊस झाला तरी आपले रस्ते तुंबतात. तिथे त्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. गावात कोंकणी, मराठी आणि कन्नड अशा तिन्ही भाषा चालतात. १९५६ सालच्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा जिल्हा मुंबईकडे होता, त्यामुळे मराठी तिथे परकी नाही.

भूगोलातली एक गंमत सांगतो. सह्याद्रीच्या पूर्वेचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते असे आपण शाळेत शिकलो. इथे तसे नाही. माथ्याच्या पश्चिमेचे पाणी दूधसागरवरून उडी घेऊन पुढे मांडवीला मिळते. पूर्वेचे पाणी पांढरी नदीतून काळी नदीला जाते, आणि काळी मोठा वळसा घेऊन पुन्हा पश्चिमेला वळते व कारवारजवळ समुद्राला मिळते. म्हणजे दोन्ही पाणी शेवटी अरबी समुद्रातच! काळी आणि पांढरीच्या संगमावर सुपा गाव होते. धरणात ते बुडाले आणि तालुक्याचे ठिकाण जोयड्याला गेले.

आता इतिहास. १८७८ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात एक तह झाला. पोर्तुगीजांनी गोव्यातल्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या हाती द्यायचा, त्याबदल्यात वर्षाला चार लाख रुपये घ्यायचे, आणि मार्मागोव्याचे बंदर व तिथून घाटमाथ्यापर्यंत रेल्वे बांधायची. १८८१ मध्ये लंडनला कंपनी निघाली. १८८७ मध्ये गोव्यातला खालचा भाग सुरू झाला आणि १८८८ मध्ये गाडी कॅसलरॉकला पोचली. वरच्या बाजूने सदर्न मराठा रेल्वे येऊन मिळाली. ७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर, धान्य वेळेवर पोचावे म्हणून हा प्रदेश रेल्वेने जोडण्याचे ठरले होते. तिचे मुख्य ठाणे धारवाडला होते.

खालून येणारी लाइन पोर्तुगीजांची, वरून येणारी इंग्रजांची आणि दोन्हींची गाठ कॅसलरॉकला. त्यामुळे इथे गाडी थांबण्याची दोन कारणे झाली, सरहद्द आणि चढण. सरहद्द म्हणजे जकातीची तपासणी. तपासणी आली की कचेरी आली, शिपाई आले, क्वार्टर्स आल्या, दुकाने आली. रानात गाव उभे राहिले ते असे. तह १८९२ मध्ये संपला, पण जकात उलट वाढली.

स्वातंत्र्यानंतर तर हे भारताचे शेवटचे स्टेशन झाले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो सत्याग्रही निरनिराळ्या वाटांनी गोव्यात शिरले, त्यात कॅसलरॉकची रुळांची वाटही होती. पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, अनेकजण मारले गेले. त्याच वर्षी रेल्वे बंद पडली. गोव्याला जोडणारे गाव एका दिवसात वाटेचे टोक झाले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि मग घाटात पुन्हा शिट्टी वाजली. सरहद्द गेली, तसे जकातीचे कामही गेले. गाडी थांबण्याचे एकच कारण उरले, चढण.

ही चढण काय आहे ते सांगतो. कॅसलरॉक ते कुळे हे अंतर सुमारे २६ किलोमीटर. त्यात अधिकात अधिक उतार ३७ मीटरला १ मीटर. रस्त्याच्या हिशेबाने हे काहीच नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर पकड धरते किती? म्हणून वर येताना गाडीला मागून बँकर इंजिने लावतात. खाली जाताना वेगळीच काळजी असते, ती गाडी आवरण्याची. म्हणून कॅसलरॉकला ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. तुम्ही चहा शोधता ना, तेव्हा ती तपासणी चाललेली असते. नव्वदच्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले, इंजिने बदलली. डोंगर मात्र होता तिथेच आहे.

माझ्या नोकरीची सुरुवातीची काही वर्षे या घाटात गेली. तिथली एक रात्र मी कधी विसरणार नाही. जुलै महिना, दोन दिवस संततधार. गँगचा मुकादम, वयाने माझ्या वडिलांएवढा, गस्तीवरून भिजून आला आणि म्हणाला, "साहेब, कटिंगमधल्या गटाराचं पाणी कमी झालंय. गाडी थांबवा." मी म्हटले, "मामा, पाणी कमी झालं तर चांगलंच की!" ते म्हणाले, "पाऊस कमी झालाय का?"

पाऊस तसाच कोसळत होता. मग पाणी गेले कुठे? वर कुठेतरी अडले होते. खरे सांगतो, माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो उशिराचा. वर काही झाले नाही आणि मालगाडी तासभर खोळंबली, तर उद्या कागदावर उत्तर मलाच द्यायचे होते. मामा काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले. शेवटी मी फोन उचलला. दोन्ही बाजूंना लाल दिवे आणि फटाके लावले. पहाटेच्या सुमारास तुंबलेले पाणी फुटले आणि झाडांसकट माती रुळावर येऊन बसली. त्यानंतर मी मामांना कधी उलट प्रश्न विचारला नाही.

दरड का येते? वरचा जांभा पाणी पितो. खालचा दगड वर्षानुवर्षे कुजून मातीसारखा झालेला असतो. ती माती पाण्याने जड होते आणि तिची पकड सुटते. लाइन टाकताना आपण डोंगराचा पायथा कापलेला असतो, त्यामुळे ती आधार शोधत खाली येते. जुलै २०२१ मध्ये याच घाटात दरडीमुळे प्रवासी गाडीचे डबे घसरले; ऑगस्ट २०२४ मध्ये मालगाडी घसरली.

हे सगळे सांगण्याचे कारण म्हणजे दुसऱ्या लाइनचा वाद. तिनईघाटपासून कुळ्यापर्यंत दुहेरी मार्गाची योजना आली. एका बाजूला काळी व्याघ्र प्रकल्प, दुसऱ्या बाजूला भगवान महावीर अभयारण्य. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मार्गाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. आधी परिणामांचा सखोल अभ्यास व्हावा, असे सांगितले. तेव्हा आमच्यातले अनेकजण नाराज झाले. मीही झालो. एकेरी लाइनवर तासन्‌तास गाड्या अडवून ठेवण्याचा त्रास मी भोगला आहे. कोळसा आणि पोलाद देशाला लागते, हे मला कोणी शिकवायला नको.

पण मग मला ती रात्र आठवते. दुसरी लाइन म्हणजे तोच पायथा पुन्हा कापायचा. कापू नये असे मी म्हणत नाही, ते ठरवणारे मोठे लोक आहेत. माझे एवढेच म्हणणे आहे की, कापण्यापूर्वी गटाराचे पाणी ओळखणाऱ्या माणसाला कोणीतरी विचारावे. त्याचे ज्ञान आमच्या नकाशांत नसते. तो निवृत्त होतो आणि ते त्याच्याबरोबर जाते. आम्ही मुकादमांकडून हे लिहून घेतले नाही, ही चूक माझीही आहे.

आपण मल्लेश्वरमात राहतो. इथल्या काडु मल्लेश्वराच्या देवळाशी व्यंकोजीराजांच्या १६६९ च्या दानाचा शिलालेख जोडलेला आहे. म्हणजे वाटेत थांबलेले मराठी लोक इथेही जुनेच. आपणही कोणी नोकरीसाठी, कोणी बदलीने आलो आणि राहिलो. कॅसलरॉकची माणसे आपल्यासारखीच आहेत. फरक इतकाच की त्यांच्या जागरणावर आपला प्रवास चालतो.

पुढच्या वेळी गोव्याला जाताना गाडी तिथे थांबली, तर "एवढा उशीर का?" असे म्हणण्याआधी खिडकीतून बाहेर बघा. रेनकोट घातलेला, हातात दिवा घेतलेला कोणी दिसला, तर हात करा. तो ओळख नसताना हात करील, हे मी खात्रीने सांगतो.

 गणपती बाप्पा मोरया!