स्वागताध्यक्षीय भाषण : राजापूरचे दिलीप वेंगसरकर

दिलीप बळवंत वेंगसरकर यांचा जन्म ६ एप्रिल १९५६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर येथे झाला. क्रिकेटमध्ये ते घडले मात्र मुंबईच्या मैदानांवर. १९७५ मध्ये नागपूरला इराणी करंडकाच्या सामन्यात बेदी आणि प्रसन्ना यांची फिरकी फोडून काढत त्यांनी ११० धावा केल्या. लगोलग त्यांची भारतीय संघात निवड झाली आणि जानेवारी १९७६ मध्ये ऑकलंडला ते पहिली कसोटी खेळले.

११६ कसोटींत १७ शतकांसह त्यांनी ६,८६८ धावा जमवल्या. १९८३ च्या विश्वविजेत्या संघात ते होते. १९७९, १९८२ आणि १९८६ अशा लागोपाठ तीन दौऱ्यांत त्यांनी लॉर्ड्सवर शतक झळकावले. १९८६ च्या हेडिंग्ले कसोटीत चेंडू सतत स्विंग होत होता. इंग्लंडचा पहिला डाव १०२ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात वेंगसरकरांनी एकट्यानेच नाबाद १०२ केल्या. भारताने तो सामना २७९ धावांनी जिंकला. पुढे दहा कसोटींत त्यांनी देशाचे नेतृत्व केले.

१९९२ मध्ये कसोटी कारकीर्द संपली आणि दुसरी खेळी सुरू झाली. १९९५ मध्ये मुंबईच्या ओव्हल मैदानावर त्यांनी अकादमी काढली. गुणी मुलांना तेथे मोफत प्रशिक्षण मिळू लागले. २००२ मध्ये क्रिकेट मंडळाने गुणवत्ता शोध विभाग त्यांच्याकडे सोपवला. मोठ्या शहरांबाहेरचे सामने माजी खेळाडूंनी स्वतः जाऊन पाहावेत आणि होतकरूंची नावे कळवावीत, ही त्या विभागाची पद्धत होती. झारखंडच्या महेंद्रसिंह धोनीची शिफारस याच वाटेने आली. २००६ ते २००८ या काळात वेंगसरकर राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते. २००७ च्या पहिल्या ट्वेंटी-२० विश्वचषकासाठी त्यांच्या समितीने धोनीला कर्णधार नेमले आणि भारत जिंकला. २००८ मध्ये एकोणीस वर्षांच्या विराट कोहलीला याच समितीने प्रथम भारतीय संघात घेतले. मुंबई क्रिकेट असोसिएशनचे उपाध्यक्षपदही त्यांनी भूषवले. २०१४ मध्ये त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला.

खेळ कळणारा माणूस संघटनेत आला की गुण हेरले जातात आणि संधी वेळेवर मिळते, हे या कारकिर्दीने सिद्ध केले. तालुक्यातालुक्यांत हेच काम नेटाने करणाऱ्या खेळाडू, प्रशिक्षक, पंच आणि संघटकांचे रत्नागिरीनगरीत मनःपूर्वक स्वागत आहे.