बोटांचा थेट मार्ग
(देणगीदार व रुग्ण-कुटुंबीय मेळाव्यात रुग्णालय व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही जमाखर्च सादर करतो. आज त्यातील एकाच खर्चाविषयी विस्ताराने बोलण्याची अनुज्ञा असावी. पक्षाघाताच्या रुग्णांच्या हातासाठी आपल्याकडे दीर्घकाळ सवलतीत व्यायामोपचार चालतात. त्या खर्चास कात्री लावण्याचा प्रस्ताव आमच्याच कार्यालयातून निघाला होता, आणि तो आम्हीच मागे घेतला.

आमचा युक्तिवाद सरळ होता. रुग्ण चालू लागला, घरी गेला. मग केवळ बोटांसाठी महिनोन्महिने उपचार कशाला? आम्ही वाणिज्य शाखेची माणसे. आम्हाला वहीतील तूट तेवढी दिसली. त्याच सुमारास तपासणीस आलेल्या एक भगिनी म्हणाल्या, "सगळे म्हणतात, बरी झालीस. पण ब्लाउजचं हूक लावायला अजून सुनेला हाक मारावी लागते." पाय चालतात, मग बोटे मागे का राहतात, असे आम्ही डॉक्टरांना विचारले. त्यांनी दिलेले उत्तर आपणांपुढे ठेवतो.

मेंदूच्या पृष्ठभागावर हालचालींच्या आज्ञा देणारा एक पट्टा आहे. 1870 साली बर्लिनमध्ये फ्रिच आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या अशाच भागास सौम्य विद्युतप्रवाह दिला, तेव्हा विरुद्ध बाजूचे स्नायू हलले. पुढे 1937 साली माँट्रिअलचे शल्यविशारद पेनफिल्ड व त्यांचे सहकारी बोल्ड्री यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी मानवी मेंदूतील या पट्ट्याचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात हात व बोटांच्या वाट्यास आलेली जागा त्यांच्या आकाराच्या मानाने फारच मोठी आहे.

या पट्ट्यातून निघालेले बहुसंख्य चेतातंतू लंबमज्जेत बाजू बदलतात. म्हणून मेंदूच्या डाव्या भागास इजा झाली की उजवा हात लुळा पडतो. यांतील पुष्कळ तंतू मज्जारज्जूतील मध्यस्थ पेशींकडे आज्ञा सोपवतात आणि त्या पेशी ती पुढे स्नायूंपर्यंत पोहोचवतात. मनुष्य आणि काही वानरांमध्ये मात्र काही तंतू मध्यस्थाला वगळून स्नायू हलविणाऱ्या पेशींना थेट जाऊन भिडतात. बोटांच्या स्नायूंसाठी ही थेट जोडणी विशेष बळकट असते. मांजरात ती आढळत नाही. तान्ह्या बाळातही हा मार्ग हळूहळू परिपक्व होतो. म्हणून प्रथम सगळी मूठ आवळणारे बाळ वर्षाचे होता होता चिमटीत कुरमुरा उचलू लागते.

2009 साली पिट्सबर्ग येथील राथलो आणि स्ट्रिक या संशोधकांनी माकडांमध्ये या थेट पेशींचा माग काढला. त्यासाठी त्यांनी चक्क रेबीजचा विषाणू वापरला, कारण तो एका चेतापेशीतून दुसरीत उलट दिशेने सरकत जातो. या पेशी मुख्यत्वे त्या पट्ट्याच्या मागील भागात एकवटलेल्या आढळल्या.

आमच्या प्रश्नाचे खरे उत्तर 1968 सालच्या लॉरेन्स व कायपर्स यांच्या प्रयोगात आहे. माकडांमधील हा मार्ग छेदल्यानंतर ती कालांतराने चालू लागली, चढू लागली. परंतु एकेक बोट सुटे हलविण्याची शक्ती परतली नाही. चालण्यासाठी मेंदूच्या खोडातील व मज्जारज्जूतील इतर मार्ग मदतीस येतात. बोटांच्या नाजूक कामास तसा तुल्यबळ पर्याय नाही.

मग व्यायाम व्यर्थ आहे काय? तसे नाही. पक्षाघातात बहुधा सर्वच तंतू नष्ट होत नाहीत. जे वाचले त्यांच्याकडून काम करून घ्यायचे, तर हात पुनःपुन्हा वापरावाच लागतो. 2006 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मनगट व बोटांत थोडी हालचाल शिल्लक असलेल्या 222 रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतील एका गटाच्या चांगल्या हातास दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ मोजा घालून दुबळ्या हातास कामास लावले. त्या गटाचा हात अधिक सुधारला आणि तो लाभ वर्षभरानंतरही टिकून होता. प्रत्येकाचा हात पूर्ववत होईल, असे आश्वासन मात्र कोणीही देऊ शकत नाही.

कुटुंबीयांना दोन विनंत्या. तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले, तर मालिश वा घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्यापूर्वी स्कॅन करावा लागतो. आणि रुग्ण घरी आल्यावर मायेपोटी त्याचे प्रत्येक काम आपण करू नये. वाटी त्यालाच उचलू द्यावी. सांडली तरी चालेल.

देणगीदारांना आमचे निवेदन असे की, या विभागाची तूट पुढील वर्षीही अहवालात दिसेल. ती आम्ही समजून-उमजून ठेवली आहे. आपल्या औदार्यावर ती भरून निघते, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.