आधी वॉर्ड, मग घर

आज नर्सिंगची पदवी घेणाऱ्या स्नातकांनो,

होमकेअर आणि केस मॅनेजमेंटच्या जाहिराती तुमच्यापर्यंत पोचल्या असतीलच. एकाच रुग्णाकडे लक्ष द्यायचं, हातात पगारही बरा. मोह होणं साहजिक आहे. गरजही खोटी नाही. २०११च्या जनगणनेतच देशात साठी ओलांडलेले सुमारे १०.४ कोटी लोक होते, आणि त्यांतल्या कितीकांची मुलं दुसऱ्या शहरात, नाहीतर परदेशात असतात. तरीही माझं मत असं की पहिली नोकरी म्हणून हे काम धरू नये. ते दुय्यम म्हणून मी हे सांगत नाही. त्यात चुकलं तर सावरायला शेजारी कुणी नसतं, एवढंच माझं कारण आहे.

डोंबिवलीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये पक्षाघाताचा रुग्ण आहे, राइल्स ट्यूब घातलेली आहे. संध्याकाळचं फीड देताना त्याला ठसका लागतो, श्वास भरभर चालू लागतो, ऑक्सिजन ९६वरून ९२वर येतो. फीड थांबवायचं, डोक्याकडची बाजू उंच करायची, हे तुम्हाला पाठ आहे. पण हा नेहमीचा खोकला की फीड फुफ्फुसात गेलं? वॉर्डात इन्चार्ज सिस्टरला हाक मारता येते, सक्शन हाताशी असतं, रेसिडेंट डॉक्टर येतो. घरात सून विचारते, "सिस्टर, ॲडमिट करायचं का?" आणि उत्तर एकट्या तुम्हालाच द्यायचं असतं. हा फरक ओळखणारी नजर पुस्तकातून येत नाही. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४च्या ‘फ्रॉम नॉव्हिस टू एक्स्पर्ट’ या पुस्तकात सक्षम परिचारिकेची पायरी एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं काढल्यानंतरची मानली आहे. वॉर्डात एका ड्युटीत अनेक रुग्ण दिसतात, आणि काल ज्याच्याबद्दल तुमचा अंदाज चुकला त्याचं पुढे काय झालं, ते दुसऱ्या दिवशी ओव्हर घेताना कळतं. घरी अंदाज चुकला तरी तो चुकल्याचं कळेलच असं नाही.

यावर गडचिरोलीचा दाखला कुणीही देईल, आणि तो वजनदार आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत बेताचं शिक्षण झालेल्या स्त्रियांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. ‘लॅन्सेट’ने १९९९मध्ये हे छापलं. मग चार वर्षं शिकलेल्यांना कशाला अडवायचं? तर तिथलं काम आखीव होतं, धोक्याची लक्षणं ठरलेली होती, आणि नोंदी तपासायला वरची माणसं नियमित येत होती. आपल्याकडच्या बऱ्याच नर्सिंग ब्यूरोंकडून मिळतो तो पत्ता आणि ड्युटीची वेळ. तशी देखरेख तुम्हाला खरोखर मिळत असेल तर माझा आक्षेप उरत नाही. अमेरिकेत केस मॅनेजरच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसण्यापूर्वी प्रमाणित वरिष्ठाच्या हाताखाली १२ महिन्यांचं काम चालतं, अशी देखरेख नसेल तर २४ महिने लागतात; देखरेखीची किंमत तिथे थेट महिन्यांत मोजली आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. खासगी रुग्णालयांत नवख्या नर्सला मिळणारा पगार अनेकदा लाजिरवाणा असतो, वर बॉण्ड. शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू झालेल्या मुलीला ‘दोन वर्षं कळ काढ’ असं व्यासपीठावरून सांगणं सोपं आहे. वॉर्ड वाईट सवयीही लावतो. माणूस ‘बेड नंबर बारा’ होऊन बसतो. हे आक्षेप खरे आहेत. म्हणून ज्यांना होमकेअर घ्यावंच लागेल त्यांनी मुलाखतीतच विचारावं: पहिल्या भेटीला अनुभवी सिस्टर सोबत येणार का? रात्री दोनला फोन कोण उचलणार, नर्स की कस्टमर केअर? ट्रॅकिओस्टॉमीची केस मला झेपणार नाही असं म्हटलं तर पगार कापणार का? उत्तरं लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समजा.

आता थोडं व्यासपीठावर माझ्या शेजारी बसलेल्या कुलगुरू आणि प्राध्यापकांसाठी. कम्युनिटी हेल्थच्या विषयात विद्यार्थी बॅग घेऊन घरभेटी करतात, पण त्या मुख्यतः लसीकरण आणि बाळंतिणींच्या. कॅथेटर, बेडसोअर, इन्शुलिन सांभाळणाऱ्या घरांत शिक्षिकेसोबत सलग काही आठवडे काम, एवढं तरी पुढच्या तुकडीच्या इंटर्नशिपमध्ये बसवता येईल. त्यासाठी महाविद्यालयांनी होमकेअर संस्थांशी करार करावेत, आणि शिक्षिकांचे ते तास वर्कलोडमध्ये धरावेत.