प्रोजेक्ट सादर झाल्यावर काय?

(कासू येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आधी एक कबुली देतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मी विकत आणला होता. मार्क मिळाले, फाईल कपाटात गेली. नोकरीत पहिल्याच आठवड्यात दुसऱ्याचा कोड वाचायला दिला, तेव्हा घाम फुटला. चार वर्षांत मी कधी कुणाचा कोड वाचलाच नव्हता.

ओपन सोर्स म्हणजे नुसतं फुकट नव्हे. कोड वाचता येतो, बदलता येतो, पुढच्याला देता येतो. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प विद्यार्थ्यांना हेच शिकवतो. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं विद्यार्थी सायलॅबमध्ये किंवा पायथनमध्ये लिहितात. ती तपासून सर्वांसाठी खुली केली जातात. तिथलंच ‘ओस्डॅग’ हे पोलादी बांधकामाच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर आयएस ८०० : २००७ या भारतीय मानकावर आधारलेलं आहे. कोणतं सूत्र कुठं वापरलं, हे सिव्हिलचा विद्यार्थी स्वतः उघडून पाहू शकतो. इंग्रजीची भीती वाटते? ‘स्पोकन ट्युटोरियल’चे छोटे धडे मराठीतही आहेत.

आता आपल्या पेण तालुक्याकडे या. खाडीकाठच्या बांधाला खांड पडली की खारं पाणी भातशेतीत शिरतं आणि जमीन नापीक होते. कोणता बांध कुठं खचलाय, कोणती उघाडी नादुरुस्त आहे, याची नोंद मोबाईलवरून नकाशावर करता आली तर? ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा खुला नकाशा त्यासाठी तयार आहे. चौघांना सहज जमेल असा हा प्रोजेक्ट आहे.

मात्र क्रम पाळा. आधी बांधावर जा, शेतकऱ्याला विचारा. मग आधी कुणी केलेला कोड शोधा, वाचा. त्यातली एखादी चूक दुरुस्त करून पाठवा. नाकारली तर कारण विचारा. स्वतःचं लिहाल तेव्हा परवाना जोडा आणि कसं चालवायचं ते मराठीत लिहून ठेवा. म्हणजे तुम्ही पास होऊन गेलात तरी पुढची बॅच तिथूनच काम उचलेल.

मुलींना एक वेगळं सांगतो. टीममध्ये तुमच्याकडे फक्त रिपोर्ट टाइप करायला दिला, तर नाही म्हणा. कोडवर तुमचंही नाव हवं.

माझा प्रोजेक्ट कपाटात आहे. तुमचा कपाटात जाऊ देऊ नका.